बसस्टँडावरची फारसी

१९७९ सालची गोष्ट. नामांतराचा ठराव होऊन वर्ष उलटलं होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि त्याची किंमत आपल्या वस्त्यांनी जळून मोजली. तुम्ही तेव्हा जन्मलेले नसाल, पण घरात ऐकलंच असेल. परभणीकडची एक बैठक आटोपून आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं औरंगाबादला उतरलो. (शहराचं सरकारी नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या काळाचं लिहिताना त्या काळाचं नाव येणारच.) मध्यवर्ती बसस्टँडवर चहाच्या गाडीपाशी दोन हिजडे आणि शर्ट-पँटमधला एक पोरगा उभा होता. माझा साथीदार सरळ त्यांच्यात गेला आणि बोलायला लागला. मी दोन पावलांवर. ‘है’ कळत होतं, ‘को’ कळत होतं, ‘कल’ आणि ‘रात’ कळत होतं. मुद्दा मात्र एकही कळत नव्हता. पलीकडं दंडुका हलवत एक शिपाई उभा होता, त्यालाही कळत नव्हता. त्यासाठीच तर ते तसं बोलत होते, पण ही अक्कल मला फार उशिरा आली.

“काय बोलायलास रे?” मी विचारलं.

“फारसी.”

मी हसलो. आमच्या गल्लीत एक म्हातारे मौलवीसाहेब होते, त्यांच्या तोंडची फारसी मी ऐकलेली होती. ही ती नव्हती. तो पण हसला, पण त्याचं हसणं वेगळं होतं.

हा माझा साथीदार आमच्यातला सगळ्यात चांगला भिंती रंगवणारा. गाणी त्याच्या तोंडची. लाठीमारात पळाला नाही. आणि वसतिगृहात त्याचं नाव काय होतं? ‘बायल्या’. मेसच्या रांगेत, सभेच्या सतरंजीवर, सगळीकडं. मी ते नाव ठेवलं नव्हतं, पण ऐकून हसणाऱ्यांत मी होतो. दोन वर्षांनी तो कुणाला न सांगता मुंबईला निघून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी इतिहास सांगायला लागलो की ‘हा मोठा शहाणा’ असं तुम्हाला वाटायचं नाही.

तर ती फारसी.

इराणच्या फारसीशी तिचं नातं नावापुरतं. व्याकरण हिंदुस्थानीचं, आपल्याकडं दखनीचं. क्रियापदांच्या शेपट्या, विभक्तीचे प्रत्यय, ‘मैं-तू-वो’ सगळं चालू बोलीतलं. फक्त मोक्याच्या जागचे शब्द बदललेले. चांगला, देखणा असेल तर ‘चिसा’. वाईट असेल तर ‘बिला’. साडी म्हणजे ‘साटला’. शंभर रुपये म्हणजे काही ठिकाणी ‘वडमा’. मग “वो पंथी चिसा, पन बिला करता” असं वाक्य होतं, आणि शेजारी उभ्या माणसाला ‘वो’, ‘पन’ आणि ‘करता’ एवढंच हाती लागतं. भाषा चोरून नेली, पोतं तिथंच ठेवलं, अशातला प्रकार. कलकत्त्याकडं हिजड्यांच्या या बोलीला ‘उल्टी’ म्हणतात. उत्तरेत, दक्षिणेत आणि पाकिस्तानातही ‘फारसी’च म्हणतात.

आता नाव फारसी का? आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण निजामाच्या राज्यात होतो. दरबाराची, कचेरीची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसी, मग उर्दू. जमिनीचा कागद, कोर्टाचा निकाल, सगळं अशा भाषेत की ज्याचं रान जातंय त्याला वाचता येऊ नये. फारसी म्हणजे सत्तेची भाषा, आणि सत्तेची भाषा म्हणजे आपल्याला न कळणारी भाषा. ज्यांना कुठंच जागा नव्हती त्यांनी आपल्या खासगी बोलीला तेच नाव देऊन टाकलं. जशी तुमची आम्हाला कळत नाही तशी आमची तुम्हाला कळणार नाही. माझ्या मते या नावातच अर्धा विनोद आणि अर्धा सूड आहे.

भाषा लपवण्याची ही कला आपल्याकडं नवी नाही. बैलबाजारात हेडे रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. गोंधळ्यांची करपल्लवी आहे, हाताच्या बोटांवर अख्खं नाव सांगतात. पैठणला ज्या चक्रधरांचा वावर होता त्यांच्या महानुभाव पंथानं आपल्या पोथ्या सकळ लिपीत बांधून ठेवल्या, शतकानुशतकं बाहेरच्याला अक्षर लागलं नाही. भटक्या जमातींच्या आपापल्या सांकेतिक बोली आहेत. त्यांतल्या कोल्हाटी, गारुडी वगैरेंच्या बोलींचे नमुने ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या अकराव्या खंडात १९२२ साली छापलेत. मढीला कानिफनाथाच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबाला हे सगळे एका मैदानावर येतात. गाढवं, घोडे, तमाशाचे तंबू, जातपंचायती, आणि त्याच गर्दीत टाळी वाजवणारे. आपल्या विद्वानांनी लोकसाहित्य म्हणून गोंधळ्याची करपल्लवी गोळा केली, डॉक्टरेट मिळवल्या. टाळीवाल्यांची भाषा मात्र तशी कुणी गोळा केली नाही. तिला घाण येत होती ना.

सरकारला मात्र हे शेजारीपण चांगलं ठाऊक होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्हाला पाठ आहे. त्याच्या पहिल्या भागात जमाती. पण दुसरा भाग कितीजणांनी वाचलाय? दुसरा भाग हिजड्यांचा. त्यांची नोंदवही करा, बायकी कपड्यात रस्त्यावर दिसले, नाचले-गायले तर पकडा. एकाच कायद्याची दोन पानं! ज्या पाठपोट कागदावर आमच्या विमुक्तांचं नाव लिहिलं, त्याच्याच मागच्या बाजूला यांचं. इंग्रजांनी १९११ च्या नव्या कायद्यात हा दुसरा भाग गाळला. पण तो मेला नाही. आपल्या निजाम सरकारनं १३२९ फसली, म्हणजे १९१९-२० च्या सुमारास, त्याच धर्तीचा स्वतःचा कायदा केला. हैदराबादेतल्या हिजड्यांची नोंदवही ठेवायची, आणि बायकी वेशात सार्वजनिक जागी दिसला तर वॉरंटाशिवाय अटक. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला, आपण विमुक्त दिन पाळतो. निजामाचा तो कायदा मात्र तेलंगणाच्या पुस्तकात तसाच पडून होता. २०१८ मध्ये वैजयंती वसंता मोगली या कार्यकर्तीनं आव्हान दिलं आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. फसली सनातला कायदा, मोबाईलच्या जमान्यापर्यंत जिवंत. त्याच्या जोडीला १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम होतंच.

आता सांगा, अशा माणसानं बसस्टँडवर उघड मराठीत काय बोलायचं?

उघड मराठीत त्याच्यासाठी शब्द होते कोणते? बायल्या, छक्का, गुड, मामू. एकही शब्द असा नाही की जो माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःबद्दल वापरील. आपल्याला हा अनुभव आहे. गावानं ठेवलेली आमची नावं कशी होती? धोंड्या, कचऱ्या, दगड्या. ती टाकून देताना, ‘हरिजन’ नाकारताना, ‘दलित’ म्हणताना, ‘बौद्ध’ म्हणताना आपण जे केलं तेच त्यांनी ‘कोथी’ म्हणताना केलं. जो पुरुषाच्या देहात जन्मला पण ज्याची चालढाल, ओढ बाईची, तो कोथी. साडी नेसो की पँट घालो. हैदराबादच्या हिजड्या-कोथींवर गायत्री रेड्डी यांनी २००५ साली पुस्तक लिहिलंय, त्यात या सगळ्या वर्गवाऱ्या आल्यात. साटला नेसणारे कोथी वेगळे आणि पँटीतले ‘कडा-साटला’ कोथी वेगळे. आमचा साथीदार या दुसऱ्यातला. त्याला बसस्टँडवरच्या त्या दोघांनी ओळखलं होतं, आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहून ओळखलं नव्हतं.

त्या बोलीतला मला सगळ्यात मोठा वाटणारा शब्द ‘कोथी’ नाही, ‘पंथी’ आहे. (आपल्या ‘तृतीयपंथी’मधला ‘पंथी’ तो वेगळा, घोटाळा करू नका.) पंथी म्हणजे जो स्वतःला पक्का पुरुष समजतो. घरी बायको आहे, मिशी आहे, चारचौघात तोच आधी ‘छक्का’ म्हणून हसतो आणि अंधारात येतो. त्याला स्वतःला नाव नको असतं. त्याला विचारा, तो म्हणेल मी काय, मी नॉर्मल माणूस. कोथींनी त्याच्या पाठीवर नाव चिकटवून टाकलं, आणि हे नाव आपल्याला आहे हे त्याला माहीतही नसतं. दोस्तांनो, ज्यांना जात ‘दिसत नाही’ असे लोक तुम्हाला कॉलेजात रोज भेटतात की नाही? त्यांना ‘सवर्ण’ म्हटलं की त्यांचा चेहरा कसा होतो? बिननावाच्या माणसाला नाव देणं हे खालच्याचं हत्यार आहे. लपण्यासाठी केलेली भाषा म्हणून तिच्याकडं नुसतं दयेनं बघणारे इथं चुकतात.

पण मी तिची आरती ओवाळायला बसलेलो नाही. या बोलीत कोथी आहे आणि पंथी आहे, म्हणजे एक बाई आणि एक बाप्या. दोन सारखे पुरुष एकमेकांवर जीव लावतील, कुणी वर नाही कुणी खाली नाही, याला तिच्यात सरळ शब्द नाही. बाहेरची पुरुषशाही आत येऊन बसली. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेला आहे, पंचायत आहे, दंड आहे. ‘अकवा’ म्हणजे शस्त्रक्रिया न केलेला आणि ‘निर्वाण’ म्हणजे केलेला, आणि त्यांत मानपान. निर्वाण! आपण हा शब्द कुठल्या अर्थानं उच्चारतो आणि तिथं तो कुठल्या रक्ताळलेल्या अर्थानं उभा आहे. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. गावकुसाबाहेरही उतरंड असते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

बाहेरच्या मुलखातही हेच. इंग्लंडात ‘पोलारी’ होती. जहाजावरचे खलाशी आणि वेटर, नाटकातली नाचणारी पोरं, जत्रेतले खेळवाले यांची बोली. इटालियन, जिप्सींची रोमानी, चोरांची भाषा, उलटे केलेले इंग्रजी शब्द यांचं कडबोळं. ‘बोना’ म्हणजे छान, ‘ओमी’ म्हणजे पुरुष, ‘पलोनी’ म्हणजे बाई, आणि दोन्ही जोडून ‘ओमी-पलोनी’ म्हणजे आपल्यातला. चेहऱ्याला ‘ईक’, कारण ‘फेस’ची स्पेलिंग उलटी वाचली. तिथल्या पोलिसाला ‘लिली लॉ’ असं बाईचं नाव ठेवलेलं. गंमत अशी की पुरुषाचा पुरुषाशी संबंध तिथं अजून गुन्हा होता तेव्हापासूनच, म्हणजे १९६५ ते १९६८ या काळात, बीबीसीच्या ‘राउंड द हॉर्न’ या रेडिओ कार्यक्रमात दोन पात्रं रविवारी जेवणाच्या वेळी खुशाल पोलारी बोलायची आणि सगळा देश हसायचा. १९६७ ला कायदा सैल झाला आणि पोलारी ओसरली. एक तर रेडिओनं गुपित फोडलं, दुसरं म्हणजे कायद्याची भीती कमी झाली. तिसरं कारण मला जास्त खरं वाटतं. नव्या चळवळीतल्या शिकलेल्या पोरांना ती बोली हलकी वाटू लागली, नाच्यांची, वेटरांची. आपल्याकडं नाही का, शिकून साहेब झालेल्याला आईची बोली चारचौघात नकोशी होते.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तर आपल्या काळजाला लागेल. तिथं अशा पुरुषांच्या दोन गुप्त बोली. एक ‘गेल’, आफ्रिकान्स आणि इंग्रजीवर उभी, केपटाउनच्या मिश्रवर्णी पोरांनी, केस कापणाऱ्यांनी चालवलेली, मग गोऱ्यांतही गेलेली. तिच्यात सगळ्याला बायकांची नावं, पोलीस म्हणजे ‘प्रिसिला’. दुसरी ‘इसिंगकुमो’, झुलूसारख्या आफ्रिकी भाषांवर उभी, काळ्या पुरुषांची. एकाच कायद्याला भ्यालेली, एकाच अंधारात भेटणारी माणसं, पण वर्णभेदानं त्यांचा अंधारसुद्धा दोन वॉर्डांत वाटून दिला होता. शोषिताचं एक दुःख दुसऱ्या दुःखाला आपोआप भाऊ मानत नाही.

आपल्याकडंही तेच घडतंय. मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट झाला, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीतून लिहिलं, हे मोठं काम. त्याच काळात एड्सचा कार्यक्रम आला आणि ‘कोथी’ हा शब्द बसस्टँडवरून उचलून सरकारी फॉर्मच्या रकान्यात बसवला गेला. गुपित शब्दाचा आकडा झाला. कोथी किती, कंडोम किती. आणि वरच्या थरातल्या, इंग्रजी शाळेतल्या पोरांनी ‘गे’ हा शब्द घेतला. मी पाहिलेल्या माणसांपुरतं सांगतो, ‘गे’ म्हणवणाऱ्याकडं फ्लॅट असतो, कोथीकडं सार्वजनिक बाग असते. एकाच ओढीची दोन नावं, मध्ये जात आणि पैसा.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ३७७ ची धार काढली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही. (त्यामुळं पुरुषावर बलात्कार झाला तर लावायला नेमकं कलमही उरलं नाही, पण ते वेगळं रडगाणं.) २००९ आणि २०१८, दोन्ही निकालांचा कणा कोणता आहे? संवैधानिक नैतिकता. हा विचार ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत कुणी मांडला होता, ते आंबेडकरी पोराला सांगायची वेळ यावी काय?

त्याच्याही आधीचं ऐका. १९३४ साल. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवायचे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. मोठमोठे सुधारक गप्प बसले. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, लोक विचारत असतील तर उत्तर मिळालं पाहिजे, आणि समलिंगी ओढ ही काहींची उपजत प्रवृत्ती असते, तिला विकृती म्हणायचं कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपल्याच शहराच्या अजित दळवींनी या सगळ्यावर ‘समाजस्वास्थ्य’ नाटक लिहिलं, २०१७ पासून त्याचे प्रयोग झाले. आमच्या वसतिगृहात बाबासाहेबांचे फोटो प्रत्येक खोलीत होते. हा खटला एकालाही माहीत नव्हता. माहीत असता तर आम्ही ‘बायल्या’ म्हणायचं थांबलो असतो का? प्रामाणिकपणे सांगतो, खात्री नाही.

आता बरंच बदललंय. दिशा पिंकी शेख यांना २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीनं प्रवक्ती केलं, त्या उघड नावानं, उघड भाषेत बोलतात. तरी शिबिराच्या मुक्कामात एखादा पोरगा हात हलवून बोलला की मागच्या रांगेत जे खुसूखुसू होतं ते मी अजून ऐकतो. आवाज ओळखीचा आहे, माझाच आहे.

तो साथीदार मला परत भेटला. गेल्या वर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाच्या गर्दीत, विद्यापीठ गेटपाशी पुस्तकांच्या स्टॉलवर. केस पांढरे, पण गळा तोच. सोळा वर्षं एका नावासाठी लढलेली माणसं आम्ही, आणि मी त्याला त्या जागी उभं राहून त्या दुसऱ्या नावाची माफी मागितली. तो म्हणाला, “चहा पाज.” बस्स एवढंच.

चहाच्या वेळी मी वही काढली. म्हटलं, तुमची फारसी लिहून घेतो, आपल्या मासिकात छापू, म्हणजे आपल्या पोरांना कळेल. त्यानं वही उलटी करून ठेवली. “जे पुस्तकात आलंय ते छाप,” तो म्हणाला, “बाकीचं नको. कायदा सुटलाय, शिपाई अजून तिथंच उभा असतो. पोरं अजून बोलतात.” म्हणून वर आलेले शब्द तेवढेच आहेत, जे आधीच छापून झालेत. दोन-तीन शब्द त्यानं मला नुसते सांगितले. त्यातला एक, त्या रात्री बसस्टँडवर त्यांनी माझ्यासाठी वापरला होता. त्याचा अर्थही त्यानं सांगितला, आणि आम्ही दोघंही खूप हसलो.